सिमियोनचा शिक्का

पोन्सो मारालितच्या दुकानात कुणी जुनी बालिसोंग घेऊन आलं, की पोन्सो आधी डोळे मिटायचा. बघायचं काम नंतरचं. ती दोन मुठींची सुरी तो डाव्या हातात धरून एकदा फिरवायचा. मुठी उघडायच्या, पातं बाहेर यायचं, मनगटाला पुन्हा एक झटका, की पातं परत दोन्ही मुठींच्या पोटात गडप. मिटताना जो खट्ट आवाज व्हायचा, तेवढा त्याला पुरे.

"खालच्या आळीतल्या इलागानांची," तो डोळे न उघडताच सांगायचा. "थोरल्याची नाही, धाकट्याची. आणि त्याने दारू सोडल्यानंतरची."

लोक हसायचे, आणि पुढे चौकशी केली की तेच खरं निघायचं. ताल गावाच्या या वस्तीचं नावच मुळी बालिसोंग. इथे ट्रकच्या कमानपाट्यांतून पाती काढणारी घरं पुष्कळ, पण पात्यावरून हात ओळखणारा एवढा एकच. ओळख पटली की पोन्सो एक दाखला लिहून द्यायचा: बनवणाऱ्याचं नाव, साधारण साल, किंमत, खाली इल्देफोन्सो मारालित अशी पूर्ण नावाची सही. त्या कागदावर मनिलाचे व्यापारी डोळे झाकून पैसे मोजायचे. तीस वर्षांत एकाही दाखल्यात खोट निघाली नव्हती, आणि पोन्सोला त्याचा गर्व होता. नाही कशाला म्हणा, होताच.

फक्त स्वतःच्या सुऱ्यांचा विषय काढायचा नाही. त्या दुकानाच्या एका कोपऱ्यात तारेला लटकलेल्या असायच्या, बिनशिक्क्याच्या, सरसकट अडीच हजार पेसोंना.

"लोकांच्या सुऱ्यांचं कौतुक करताना तुझी जीभ सैल सुटते," त्याची बायको सालुद म्हणायची, "आणि आपल्या सुऱ्या विकताना जणू बोंबील विकायला बसलाय."

"माझ्या सुऱ्या बऱ्या आहेत. बऱ्याची किंमत अडीच हजार."

याचं मूळ त्याच्या बापात होतं. सिमियोन मारालितसारखा कारागीर वस्तीत पुन्हा झाला नाही, हे त्याचे शत्रूसुद्धा कबूल करायचे. पण माणूस मुलखाचा मुका. पोन्सो विशीत त्याच्या भट्टीवर शिकायला बसला. तयार झालेली सुरी संध्याकाळी ऐरणीशेजारच्या ओंडक्यावर ठेवायची, हा नियम. रात्री जेवून झाल्यावर बाप ती बघायचा. पसंत पडली तर कुलपातल्या डब्यातून शिक्का काढून पितळेवर ताऱ्याखालचा एस उठवायचा आणि दुसऱ्या दिवशी स्वतः बाजारात घेऊन जायचा. नापसंत सुरी भंगाराच्या पिंपात जायची. कोणत्या सुरीचं काय झालं, ते तो सांगायचा नाही. सहा वर्षं पोन्सो सकाळी उठून रिकामा ओंडका बघत राहिला. पिंपात डोकावून बघायची त्याची कधी छाती झाली नाही. बापाने शाबास म्हटलं नाही, त्या अर्थी सगळ्या पिंपातच गेल्या असणार, असा हिशेब त्याने मनाशी करून टाकला होता. मग एके दिवशी म्हातारा छातीत कळ येऊन गेला, आणि त्याचा शिक्का त्याच्या आईने, म्हणजे पोन्सोच्या आजीने, त्याच्याबरोबर शवपेटीत घातला. प्रश्न तिथेच मिटला. निदान पोन्सोने तसं ठरवलं होतं.

त्या शनिवारी सकाळी लियोनिसा मारासिगान दुकानात शिरली ती गळ्यातल्या टॉवेलने मान पुसत. बापामागे त्याची जीपनी, म्हणजे उतारूंची गाडी, तीच चालवते, आणि लेमेरीच्या रस्त्यावरच्या सगळ्या पुरुष ड्रायव्हरांना ती पुरून उरते. तिच्या मागोमाग मनिलाचे तानचोको साहेब, छत्री, भिंग आणि भरपूर घाम घेऊन आले. हे जुन्या सुऱ्यांचे शौकीन गृहस्थ पोन्सोच्या चांगल्या ओळखीचे होते.

"पोन्सो काका, माझ्या गाडीचं इंजिन उतरवून ठेवलंय," लियोनिसा म्हणाली. "मेकॅनिक चाळीस हजार म्हणतोय. माझ्याकडे विकण्यासारख्या दोनच वस्तू. एक ही सुरी, दुसरा माझा नवरा. नवऱ्याला गिऱ्हाईक नाही."

"नवऱ्याचा दाखला मी देत नाही," पोन्सो म्हणाला. "सुरी आण."

"बाबांनी ती तुमच्या वडिलांकडून घेतली होती. त्यांच्या हातून, बाजारात, रोख नव्वद पेसो देऊन. तेव्हाचे नव्वद हं!"

पोन्सोने सुरी घेतली, डोळे मिटले, फिरवली. खट्ट. त्याने पुन्हा फिरवली. मग तिसऱ्यांदा, जे तो कधीच करत नसे. सालुद कॉफीचे कप घेऊन आतून आली होती, ती दारातच थांबली.

"बापाची!" पोन्सो म्हणाला.

डोळे उघडून त्याने सुरी उजेडात धरली. मग त्याचा पट्टा सुटला. मुठी मिटल्यावर मधून केससुद्धा जात नाही, बघा. मुठीवरची शिंगाची पट्टी पितळेत अशी बसलीय, की शिंग कुठे संपतं आणि पितळ कुठे सुरू होतं ते बोटाला कळत नाही. आत हा शिक्का, तारा आणि एस. आणि शिक्का कुणी खोटा मारेल हो, पण हे खिळे बघा. खिळ्यांची डोकी उजवीकडे एवढीशी कलली आहेत. ही बापाच्या हातोडीची लकब. मी डावखुरा, माझी डोकी डावीकडे जातात. शंभर खिळ्यांत हे मी ओळखेन.

"असं काम आज करणारा आहे कुणी?" तानचोकोंनी विचारलं.

"आज? साहेब, मी अठ्ठेचाळीस वर्षं हेच करतोय. सात जन्म घेतले तरी ही पट्टी मला अशी बसवता येणार नाही!"

"ऐकलंत?" सालुद म्हणाली. "असा दुकानदार बघितलाय का कुठे?"

"पंचेचाळीस हजार," पोन्सो म्हणाला. लियोनिसाने टॉवेल तोंडावर दाबला, नाहीतर ती किंचाळलीच असती.

तानचोकोंना किंमत मान्य होती. पण मागल्या वर्षी कुणीतरी त्यांच्या गळ्यात खोटा शिक्का मारलेली सुरी बांधली होती, तेव्हापासून ते ताकही फुंकून पीत. घसा खाकरून ते म्हणाले, "पोन्सो, राग मानू नका. एक पट्टी उघडून दाखवाल? पट्टी चिकटवलेली आतली राळ जुनी आहे एवढं डोळ्यांनी बघितलं, की मी इथेच पैसे मोजतो."

पोन्सोला राग आला. पण लियोनिसाकडे बघून त्याने तो गिळला, टोचा आणि लहान हातोडी घेतली, आणि एका पट्टीचे दोन खिळे हळूच मागून बाहेर काढले. पट्टी सुटली. आत काळी, तडकलेली राळ होती. शंभर टक्के बापाची.

आणि राळेच्या खाली घडी घातलेला पिवळा कागद.

पोन्सोच्या बापाच्या लेखी पट्टीखाली काही सारणं म्हणजे चोरी होती. पट्टी सैल झाली तर तो ती फेकून नवी कापायचा. पोन्सोने कपाळाला आठी घालून नखाने राळ खरवडली, घडीचं एक टोक उघडलं. त्याने मूठ मिटून घेतली. कागद आत.

त्याला सगळं आठवलं. बावीस वर्षांचा होता तो. चांगलं काळं शिंग एवढंच उरलेलं आणि पट्टी कानस लागून एक केस पातळ झालेली. बापाकडे दुसरं शिंग मागायची लाज. शर्टाच्या खिशात एक चिठ्ठी होती. ती पाठ झालेली होती, आणि जाडीला नेमकी होती. त्याने ती दुमडून खाली सारली, खिळे ठोकले, सुरी ओंडक्यावर ठेवली. सकाळी ओंडका रिकामा. पोन्सोने समजून घेतलं: पिंप.

"काय झालं?" तानचोकोंनी विचारलं. "राळ जुनी आहे ना?"

राळ जुनी होती. एवढंच म्हणायचं होतं. पैसे समोर होते, लियोनिसाचं इंजिन समोर होतं, आणि बापाचं नाव तर खाली जात नव्हतंच. कुणाचंही नुकसान नव्हतं. पण मग तीस वर्षांच्या दाखल्यांचं काय? आणि त्याहून वाईट एक गोष्ट त्याला आत टोचत होती. सुरी पसंत पडली होती, शिक्का मिळाला होता, पण तो बापाला फसवून मिळवलेला. म्हाताऱ्याला कागदाचा पत्ता लागला नसेल. म्हणजे आयुष्यात एकदा पास झालो, तोही कॉपी करून.

"लियोनिसा, पोरी, मला माफ कर," तो म्हणाला आणि त्याने मूठ उघडली. "ही सुरी बापाची नाही. माझी आहे."

कुणी काही बोलायच्या आत सालुदने कागद उचलला होता. चष्मा कपाळावरून खाली आला. कागदावर पेन्सिलीच्या चार ओळी होत्या, पुसट, पण वाचता येत होत्या. तिने पहिली ओळ वाचली आणि ती कानापर्यंत लाल झाली. मग तिचा आवाज चढला.

"ही माझी चिठ्ठी आहे!"

"हो."

"'गुरुवारी येईन, मोठ्या चर्चच्या पायऱ्यांवर, हिरवा झगा घालून.' अख्खी रात्र जागून लिहिली होती मी! सहा कागद फाडले होते! आणि तू ती शिंगाखाली कोंबलीस?"

"जाडी बरोबर होती गं."

"जाडी!"

"आणि मला पाठ होती. अजून आहे."

लियोनिसा हसावं की रडावं या पेचात खुर्चीवर बसली. एका हाताने ती पोट धरून हसत होती, आणि दुसऱ्या हातातली इंजिनाची यादी चुरगळत होती. तानचोकोंनी मात्र पैशाचं पाकीट हळूच परत खिशात सरकवलं होतं.

"मग तुमच्या वडिलांनी शिक्का मारला कसा?" ते म्हणाले.

"फसला," पोन्सो खाली मान घालून म्हणाला. "मी फसवलं त्याला."

"तुझा बाप?" सालुद म्हणाली. "बाजारात कलिंगडवाली त्याला बघून दुकान आवरायची. तो फसणार, आणि तुझ्याकडून?"

पोन्सोची नजर काढलेल्या खिळ्यांवर गेली. त्याने दोन्ही खिळे तळहातावर घेतले. डोकी उजवीकडे कललेली. त्याने सुरी उचलून दुसऱ्या पट्टीचे खिळे बघितले. डावीकडे. अर्ध्या तासापूर्वी त्याने एकाच पट्टीचे खिळे बघून अख्ख्या जगाला व्याख्यान दिलं होतं, दुसरी बाजू उलटून बघायचे कष्ट न घेता. बापाचा शिक्का दिसला, की त्याची अक्कल टोपी काढून उभी राहायची, ती आजही राहिली होती.

"हे दोन खिळे माझे नाहीत," तो हळू म्हणाला. "मी ठोकले होते ते डावीकडचे. हे त्याने बदलले. आणि मी राळ घातलीच नव्हती, नुसता कागद होता. त्याने पट्टी उघडली. कागद बघितला. त्याच्यावर राळ ओतली, पट्टी परत लावली..."

"आणि शिक्का मारला," लियोनिसाने वाक्य पुरं केलं.

"म्हणजे," सालुद सावकाश म्हणाली, "सासऱ्याने माझी चिठ्ठी वाचली!"

ती मटकन बाकावर बसली आणि तिने तोंडाला पदरासारखा टॉवेल लावला, लियोनिसाचाच. पासष्ट वर्षांची बाई, पण गाल एकोणीस वर्षांच्या पोरीसारखे. मग ती एकदम ताठ झाली.

"थांब. थांब हं. मागणी घालायला तुम्ही सगळे आमच्याकडे आलात ना, तो रविवार होता. तुझा बाप दोन तास शब्द बोलला नाही. मी कॉफी घेऊन आले तर माझ्याकडे बघून विचारतो, 'आज गुरुवार आहे का?' माझी आई म्हणाली, म्हातारा चळलाय, पोरीचं काय होणार! मी नंतर वर्षभर त्याला तारीख-वार सांगत होते!"

लियोनिसाला हसू आवरेना. तानचोकोंचं भिंग हातातून पडता पडता राहिलं. आणि पोन्सो रडायला लागला. लपवायचा प्रयत्न त्याने केला नाही. बापाचा त्याला भयंकर राग येत होता. त्यानंतर चार वर्षं दोघं रोज मांडीला मांडी लावून जेवले होते, आणि त्या माणसाला एक शब्द सुचला नाही! भात वाढ म्हणता येत होतं, तर चांगली झालीय म्हणायला काय झालं होतं? आणि त्याच वेळी त्याला इतका आनंद झाला होता, की आपल्या दोन हातांचं काय करावं ते त्याला समजत नव्हतं. त्याची चूक बापाला कळली होती. बापाने ती घट्ट करून दिली होती, आणि वर आपलं नाव ठेवलं होतं.

काही वेळाने तानचोको साहेबांनी घसा खाकरला. माणूस वाईट नव्हता, पण शेवटी व्यवहारी. "सगळं फार सुंदर आहे. पण पोन्सो, तुम्हीच सांगा. सिमियोनची असती तर पंचेचाळीस. तुमच्या सुऱ्या तर तिथे अडीच हजाराला..."

लियोनिसाचं हसू विझलं.

"साहेब," सालुद डोळे पुसत म्हणाली, आणि तिचा हा गोड आवाज बाजारातल्या मासेवाल्या चांगल्या ओळखतात, "तुमच्या घरी सिमियोनच्या किती आहेत?"

"तीन. का?"

"त्या केव्हाच्या आहेत? माझा नवरा भट्टीवर बसला त्याच्या आधीच्या, की नंतरच्या?"

तानचोको बोटांवर सालं मोजायला लागले.

"सहा वर्षं रोज ओंडका रिकामा होत होता," सालुद म्हणाली. "या शहाण्याला वाटलं, सगळ्या पिंपात गेल्या. एक तर पिंपात गेली नाही, हे आपण आत्ता बघितलं. बाकीच्या कुठे गेल्या असतील? कुणाच्या तरी काचेच्या कपाटात असतील ना? तेव्हा आधी ठरवा साहेब. पोन्सो स्वस्त करायचा असेल तर करू या. पण मग तो सगळीकडे स्वस्त होईल. तुमच्या कपाटातसुद्धा."

तानचोकोंनी घाम पुसला. छत्री या हातातून त्या हातात घेतली. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि ते असे हसले, की रस्त्यापलीकडच्या दुकानातून माणसं बघायला बाहेर आली.

"पंचेचाळीस," ते म्हणाले, पाकीट काढत. "अर्ध्या तासापूर्वी पंचेचाळीसची होती. तेव्हापासून तिच्यातलं काय कमी झालंय? उलट एक प्रेमपत्र वाढलंय. पण पुढच्या शनिवारी मी त्या तीन घेऊन येणार. सगळ्या बाजू उलटून बघायच्या हं, पोन्सो!"

लियोनिसाने पैसे घेतले, मोजले नाहीत, आणि पोन्सोच्या दोन्ही गालांची अशी चुंबनं घेतली, की सालुदला तिला टॉवेलने मारावं लागलं.

पट्टी परत बसवायची होती. तानचोकोंनी विचारलं, की आता कागद काढून नुसती राळ घातली तर काम जास्त पक्कं होईल ना?

"होईल," पोन्सो म्हणाला. "पण बापाने बघून ठेवलाय तो. मी कोण काढणारा?"

"अक्षर माझं आहे," सालुद म्हणाली. "मलाही विचारा कुणीतरी."

"विचारतो. ठेवू?"

"ठेव," ती म्हणाली. "पण नीट घडी घाल. मागच्या वेळी चुरगळलास."

त्याने घडी घातली, राळ गरम करून ओतली, पट्टी दाबली आणि बापाचेच दोन खिळे परत ठोकले. मग दाखल्याचं पुस्तक ओढून बसला. साल त्याला महिन्यासकट माहीत होतं, ते लिहिलं. किंमत लिहिली. नावाच्या ओळीवर मात्र पेन बराच वेळ थांबलं. एवढे दाखले लिहिले, पण त्या ओळीवर हे नाव त्याने कधी लिहिलं नव्हतं.

लिहून झाल्यावर त्याने कागद फाडला नाही. नावाच्या खाली, जिथे छापील काहीच नव्हतं, तिथे त्याने हाताने आणखी एक ओळ घातली. लियोनिसाने खांद्यावरून वाकून मोठ्याने वाचलं:

"बनवणारा, इल्देफोन्सो मारालित. तपासून पास करणारा, सिमियोन मारालित."

खाली त्याने सही केली. ती नेहमीपेक्षा जरा मोठी आली.